लॉगिन एक, वापरणारे दीडशे : वेबसाईटमागच्या डेटाबेसचे लायसन्स नेमके कसे मोजतात?



यूएईत छोटा-मध्यम धंदा करणाऱ्यांच्या मागे गेल्या काही वर्षांत हिशेबाचे एकेक नवे काम लागले आहे. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला. १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ३,७५,००० दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आला. त्यापाठोपाठ ई-इन्व्हॉइसिंग. अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार वार्षिक उलाढाल ५ कोटी दिरहॅम किंवा जास्त असणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२७ आणि बाकीच्यांसाठी १ जुलै २०२७ ही तारीख ठरली. यात बिलाची पीडीएफ मेल करून भागत नाही. बिलातली माहिती ठरलेल्या साच्यात, मान्यताप्राप्त सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत, एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जावी लागते.

याचा एक परिणाम असा की जो हिशेबाचा डेटाबेस आजवर मागच्या खोलीत अकाउंटंटच्या टेबलाखाली निवांत बसला होता, तो आता वेबवर येतो आहे. सेल्समन मोबाईलवरून स्टॉक बघणार, ग्राहक वेबसाईटवरून ऑर्डर टाकणार, ई-इन्व्हॉइसवाल्यांचा प्रोग्राम बिले उचलणार. टॅक्सबद्दल सांगायला सल्लागार पुष्कळ आहेत. पण "एवढी माणसे जोडलीत, मग डेटाबेसच्या लायसन्सचे काय?" हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्या मंडळींपैकी बरेच जण एक तर अशा कंपन्यांचे मालक आहेत, नाही तर त्यांचे आयटी सांभाळणारे नोकरदार. म्हणून हा लेख.

एकच लॉगिन, मग एकच लायसन्स?

पूर्वीचा मामला सोपा होता. ऑफिसात वीस कॉम्प्युटर, प्रत्येकावर एक प्रोग्राम, आणि प्रत्येक जण थेट डेटाबेसमध्ये लॉगिन करायचा. वीस माणसे, वीस लायसन्स. मोजायला काही कठीण नव्हते.

वेबसाईट आली आणि चित्र बदलले. ग्राहक ब्राउझरमध्ये वेबसाईट उघडतो. ती वेबसाईट ज्या वेब सर्व्हरवर आहे तो सर्व्हर डेटाबेसशी बोलतो, आणि बोलताना बहुधा एकच लॉगिन वापरतो. त्यामुळे वेबसाईटवर पाच माणसे असोत वा पाचशे, डेटाबेसला दिसतो एकच 'युजर'. यावरून अनेकांनी, त्यात चांगले शिकलेले इंजिनियरही आले, असा निष्कर्ष काढला आहे की एक लायसन्स पुरते.

पुरत नाही. बॅचलर मेसचे उदाहरण घ्या. खोलीतल्या सहाजणांचे डबे आणायला रोज एकच जण जातो, म्हणून मेसवाला एकाचेच पैसे घेत नाही. तो जेवणारी तोंडे मोजतो. डेटाबेस कंपन्याही तेच करतात. मधे वेब सर्व्हर टाकून अनेकांना एका लॉगिनमधून आत सोडण्याला त्यांनी नावच दिले आहे, 'मल्टिप्लेक्सिंग'. मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सचा नियम स्पष्ट आहे : मल्टिप्लेक्सिंगमुळे लागणाऱ्या लायसन्सची संख्या कमी होत नाही. ओरॅकलच्या व्याख्येतही मधे वेब सर्व्हर असेल तर मोजणी त्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे जिथे माणसे येतात तिथे करायची, असे लिहिले आहे.

ओरॅकलच्या 'नेम्ड युजर प्लस' या प्रकारात तर माणसाशिवाय चालणारी यंत्रेही मोजली जातात. गोदामातला सेन्सर स्वतःहून डेटाबेसमध्ये नोंद करत असेल तर तोही एक युजर! एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप गठ्ठ्याने माहिती पाठवणे मात्र त्या व्याख्येत चालते. म्हणून ई-इन्व्हॉइसचा प्रोग्राम जोडताना तो दिवसभर डेटाबेसमध्ये लॉगिन करून बसणार आहे की बिलांचा गठ्ठा तयार करून पाठवणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. तांत्रिकदृष्ट्या फरक किरकोळ वाटेल, लायसन्सच्या हिशेबात किरकोळ नाही.

एक सवलतही सांगायला हवी. मायक्रोसॉफ्टच्या नियमात, एखाद्या लायसन्सधारक माणसाने स्वतः रिपोर्ट काढून फाईल दुसऱ्याला मेल केली तर ती वाचणाऱ्याला वेगळे लायसन्स लागत नाही. तोच रिपोर्ट प्रोग्रामने आपोआप पोचवला तर लागते.

डोकी मोजा किंवा कोअर मोजा

वेबसाईटवर येणारी माणसे मोजणे अनेकदा अशक्यच असते. महाभूलेखवर सातबारा बघणारे शेतकरी किंवा रेल्वेच्या साईटवर तिकीट काढणारे प्रवासी कोण आणि कसे मोजणार? म्हणून कंपन्यांनी दुसरी पद्धत आणली : माणसे मोजू नका, मशीनची ताकद मोजा. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००० पासून प्रोसेसरवर लायसन्स द्यायला सुरुवात केली. पुढे एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर येऊ लागले, तेव्हा एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून मोजणी कोअरवर गेली. कोअरचे लायसन्स घेतले की मागे कितीही माणसे असोत, ऑफिसातली की बाहेरची, वेगळे पैसे नाहीत.

आता आकडे बघू, कारण आकड्यांशिवाय हे डोक्यात शिरत नाही. समजा, देरामध्ये ऑटो स्पेअर पार्ट्सचा व्यापार करणारी एक कंपनी आहे. ऑफिसात १२ माणसे, फिरते सेल्समन ८. सर्व्हर ८ कोअरचा. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०२२, स्टँडर्ड एडिशन. या आवृत्तीची मायक्रोसॉफ्टने छापलेली किंमत अशी : सर्व्हर लायसन्स ९८९ डॉलर आणि त्यावर प्रत्येक माणसामागे किंवा उपकरणामागे एक 'कॅल' २३० डॉलर. किंवा मग कोअरचे लायसन्स, दर दोन कोअरला ३,९४५ डॉलर, प्रत्येक प्रोसेसरमागे कमीत कमी चार कोअर. डीलरकडून सवलत मिळते, ती इथे धरलेली नाही.

वीस माणसांचा हिशेब : ९८९ अधिक २० गुणिले २३०, म्हणजे ५,५८९ डॉलर, साधारण २०,५०० दिरहॅम. इथवर सगळे ठीक.

आता मालकाने वेबसाईट केली आणि १४० गॅरेजवाल्यांना त्यावरून ऑर्डर टाकायची सोय दिली. आयटीवाल्याने वेबसाईटसाठी डेटाबेसमध्ये एक लॉगिन तयार केले आणि फार तर एक कॅल जास्त घेतला. त्याच्या हिशेबी २१ युजर. नियमाच्या हिशेबी १६०. फरक धरला तर जवळजवळ १४० कॅलचा, म्हणजे ३२,२०० डॉलर, सुमारे १,१८,००० दिरहॅम. छोट्या कंपनीला हा आकडा लहान नाही.

गंमत अशी की इतके पैसे भरायची मुळात गरजच नव्हती. १६० माणसांचे कॅल घेतले तर एकूण ३७,७८९ डॉलर होतात. तेच आठही कोअरचे लायसन्स घेतले तर चार जोड्या, म्हणजे १५,७८० डॉलर, सुमारे ५८,००० दिरहॅम. या मशीनवर दोन पद्धतींची बरोबरी साधारण ६४ माणसांपाशी होते. त्याच्या खाली डोकी मोजावीत, वर गेल्यास कोअर. सर्व्हर चार कोअरचा असता तर बरोबरी ३० माणसांपाशीच झाली असती. म्हणून गरज नसताना दांडगा सर्व्हर घेणे म्हणजे लायसन्सही दांडगे घेणे.

व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२२ च्या आवृत्तीपासून फक्त त्या व्हर्च्युअल मशीनपुरते कोअर मोजायचे असतील तर सबस्क्रिप्शन किंवा 'सॉफ्टवेअर ॲश्युरन्स' लागते. नुसते लायसन्स विकत घेऊन ती सोय मिळत नाही.

ओरॅकलमध्ये पद्धती त्याच दोन, आकडे वेगळे. एंटरप्राइज एडिशनची अनेक वर्षे छापील किंमत प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर आणि नेम्ड युजरमागे ९५० डॉलर अशी राहिली आहे. भागाकार केला की ५० येतात. म्हणजे प्रोसेसरमागे पन्नासपेक्षा जास्त माणसे असतील तर प्रोसेसरचे लायसन्स स्वस्त. शिवाय माणसे दहाच असली तरी प्रोसेसरमागे किमान २५ युजर घ्यावेच लागतात. इंटेलच्या प्रोसेसरवर दोन कोअर मिळून एक प्रोसेसर धरतात, म्हणून वरच्या ८ कोअरच्या सर्व्हरला ४ लायसन्स, म्हणजे १,९०,००० डॉलर, आणि त्यावर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट.

क्लाऊडवर गेलो म्हणजे सुटलो?

यूएईत क्लाऊडच्या सोयी आता घरच्याच आहेत. मायक्रोसॉफ्टची अबुधाबी आणि दुबईतली डेटा सेंटर्स २०१९ मध्ये सुरू झाली, ॲमेझॉनची २०२२ मध्ये, आणि ओरॅकलचीही दोन्ही शहरांत आहेत. क्लाऊडवर डेटाबेस भाड्याने घेतला, म्हणजे तासाच्या दरातच लायसन्स धरलेले असेल, तर डोकी मोजायचा प्रश्न मिटतो. छोट्या धंद्याला हे बरे पडते.

पण स्वतःचे जुने लायसन्स क्लाऊडवर नेले तर गणित बदलते. ओरॅकलने जानेवारी २०१७ मध्ये ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडसाठी नियम केला की दोन व्हीसीपीयू म्हणजे एक प्रोसेसर, आणि इंटेलला मिळणारी निम्मी सूट तिथे लागू नाही. आपले ८ खरे कोअर म्हणजे तिथे साधारण १६ व्हीसीपीयू. म्हणजे ऑफिसात ४ लायसन्स लागत होती ती क्लाऊडवर ८ लागतात. काम तेच, मशीनची ताकद तीच.

लंडनचा निकाल

हे सगळे कागदावरचे नियम, प्रत्यक्षात कोण विचारतो, असे वाटत असेल तर सॅप आणि डियाजिओ यांचा खटला बघावा. जॉनी वॉकर बनवणारी ती डियाजिओ. २००४ मध्ये तिने सॅपच्या सॉफ्टवेअरचा करार केला, त्यात मोजणी नेम्ड युजरवर होती. पूर्वी गिऱ्हाइके फोनवर ऑर्डर द्यायची आणि कॉल सेंटरमधला लायसन्स असलेला माणूस ती सॅपमध्ये भरायचा. पुढे डियाजिओने सेल्सफोर्सवर 'कनेक्ट' नावाची वेब सोय केली, आणि गिऱ्हाइके स्वतःच ऑर्डर टाकू लागली. ती सॅपमध्ये थेट लॉगिन करत नव्हती. मधे सॅपचेच एक जोडणी सॉफ्टवेअर होते आणि त्याचे पैसे डियाजिओ भरत होती.

सॅपने ५ कोटी ४० लाख पौंडांहून जास्त रकमेचा दावा केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निर्णय दिला की कनेक्टमधून ऑर्डर टाकणारी गिऱ्हाइके सॅपचाच अप्रत्यक्ष वापर करत होती आणि त्याचे जादा पैसे देणे लागते. किती, हा भाग त्या निकालात ठरला नाही. पण धसका सगळ्यांनीच घेतला. एप्रिल २०१८ मध्ये सॅपने स्वतःच नवी पद्धत आणली, ज्यात बाहेरून येणारी माणसे न मोजता त्यांच्यामुळे तयार होणारी ऑर्डर, बिल अशी कागदपत्रे मोजतात.

इंग्लंडचा निकाल इथे बंधनकारक नाही, आणि तो सॅपच्या एका विशिष्ट करारावर होता. पण आपल्या स्पेअर पार्ट्सवाल्याची गोष्ट आठवा. फोनवरच्या ऑर्डरी वेबसाईटवर आल्या, एवढाच तर बदल. धंदा तोच, गिऱ्हाइके तीच, आणि लायसन्सचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा.

फुकट डेटाबेस आणि त्यांच्या अटी

मग पैसे देऊच नयेत का? अनेकांसाठी हे उत्तर खरेच योग्य आहे. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस एडिशन फुकट आहे, धंद्यासाठी वापरता येते आणि कॅल लागत नाहीत. मर्यादा डेटाबेसच्या आकाराची : २०२२ च्या आवृत्तीपर्यंत १० जीबी, २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी. छोट्या ट्रेडिंग कंपनीची काही वर्षांची बिले त्यात सहज मावतात. डेव्हलपर एडिशनही २०१६ पासून फुकट आहे, पण ती फक्त प्रोग्राम तयार करून तपासण्यासाठी. प्रत्यक्ष धंदा तिच्यावर चालवता येत नाही. दोन्ही फुकट म्हणून दोन्ही सारख्या, असे नाही.

पोस्टग्रेसएसक्यूएल हा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या कामातून आलेला डेटाबेस. त्याचे लायसन्स जगातल्या सगळ्यात सैल लायसन्सपैकी एक आहे. माणसे मोजत नाही, कोअर मोजत नाही. मायएसक्यूएल जीपीएल या लायसन्सखाली मिळतो. त्याची अट सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटण्याशी जोडलेली आहे. आपल्या वेबसाईटमागे चालवणे म्हणजे वाटणे नव्हे, म्हणून लाखो वेबसाईट तो बिनदिक्कत वापरतात. तोच डेटाबेस आपल्या प्रोग्राममध्ये बांधून विकायचा असेल तर एक तर प्रोग्रामही जीपीएलखाली द्यावा, नाही तर व्यापारी लायसन्स घ्यावे.

वेबवरून वापरणे म्हणजे वाटणे नव्हे, ही पळवाट बुजवण्यासाठी नोव्हेंबर २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. त्यात बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिला तरी सोर्स कोड खुला करावा लागतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोंगोडीबीने आणखी कडक एसएसपीएल लायसन्स घेतले, रोख होता तोच डेटाबेस सेवा म्हणून विकणाऱ्या क्लाऊड कंपन्यांवर. मार्च २०२४ मध्ये रेडिसनेही सैल लायसन्स सोडले, तेव्हा काही जुन्या कार्यकर्त्यांनी वाल्की नावाची वेगळी चूल मांडली. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला.

आपल्या स्पेअर पार्ट्सवाल्याला यातले बहुतेक लागू होत नाही, कारण तो पार्ट्स विकतो, डेटाबेस विकत नाही. पण जो आपल्या मित्रांसारखा छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढून दहा दुकानांना ऑनलाईन सेवा विकतो, त्याने हे वाचलेच पाहिजे. आणि आवृत्ती बदलताना लायसन्सही बदलले का ते बघितले पाहिजे.

कायदा आणि नोकरदार माणूस

यूएईत कॉपीराइटचा पहिला संघीय कायदा १९९२ चा, नंतर २००२ चा, आणि सध्याचा २०२१ चा ३८ क्रमांकाचा, जो जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला. कॉम्प्युटर प्रोग्राम आणि डेटाबेस यांना त्यात नाव घेऊन संरक्षण आहे, आणि शिक्षेत दंड व तुरुंगवास दोन्ही आहेत. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर वापरणे ही सरळ चोरी. विकत घेतलेल्या लायसन्समध्ये मोजणी कमी भरणे हा आधी कराराचा प्रश्न, आणि तो बहुधा पैशाने मिटतो. पण तो निघतो कसा? करारात तपासणीचे कलम असते. ओरॅकलच्या नेहमीच्या करारात ४५ दिवसांची लेखी सूचना देऊन तपासणी करता येते. त्या दिवशी मालकाच्या केबिनमध्ये पहिला बोलावला जातो तो आयटीवाला. "तूच बसवलेस ना?" हा प्रश्न त्यालाच. ज्याचा व्हिसा त्याच कंपनीवर आहे आणि मुले इथल्या शाळेत आहेत, त्याला त्या प्रश्नाचे वजन वेगळे सांगायला नको.

म्हणून नोकरदार मित्रांना सांगणे एकच : वेबसाईट डेटाबेसला जोडण्याआधी एक साधा ईमेल लिहावा. किती माणसे आणि यंत्रे जोडली जाणार, सध्या लायसन्स कशाचे आणि किती, आणखी किती लागेल, पर्याय कोणते. मालकाने "बघू नंतर" म्हटले तरी तो ईमेल राहतो. यात मालकाविरुद्ध काही नाही. खर्चाचा निर्णय त्याचा आहे, आणि त्याला तो माहिती असताना घेता यावा.

मालक मंडळींसाठी दोन गोष्टी. पुण्या-नाशिकहून स्वस्तात सॉफ्टवेअर करून घेत असाल तर डेटाबेसचे लायसन्स कोणाच्या नावावर, कोणी घ्यायचे आणि कोणती एडिशन, हे करारात लिहून घ्या. काम सोपवून डेव्हलपर निघून जातो, सर्व्हर तुमच्या ऑफिसात राहतो. दुसरे, लायसन्सची कागदपत्रे ट्रेड लायसन्सच्या फाईलशेजारीच ठेवा. तपासणीत कागद सापडला नाही तर भरलेले पैसेही न भरल्यासारखेच.

आणि आपली मंडळे? गणेशोत्सवाची ऑनलाईन नोंदणी, सभासदांची यादी, मराठी शाळेची हजेरी, हे सगळे शेकडो कुटुंबे एकाच वेबसाईटवरून वापरतात. एखाद्या सभासदाने उत्साहाने आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर ती बसवून दिली तर ते चालत नाही. कंपनीचे लायसन्स कंपनीच्या कामासाठी असते. पोस्टग्रेस किंवा एक्सप्रेसवर हे काम फुकटात आणि नियमात होते. सांभाळायला दोन माणसे लागतात, आणि तेवढे इंजिनियर तर आपल्या प्रत्येक मंडळात आहेत!

थोडक्यात, वेबसाईट सुरू करण्याआधी एक कागद घ्यावा. एका बाजूला डेटाबेसपर्यंत पोचणारी सगळी माणसे आणि यंत्रे लिहावीत, दुसऱ्या बाजूला सर्व्हरचे कोअर. दोन्हींची किंमत काढावी आणि तिसऱ्या रकान्यात फुकटचा पर्याय मांडावा. अर्ध्या तासाचे काम आहे. ई-इन्व्हॉइसिंगसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलावे लागणारच असेल, तर हा कागद नवे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी करावा, नंतर नाही.